विमानातली बॅग, डोक्यावरचा कप्पा आणि रांगेचं गणित

समजा, तुम्ही भारतातून परत येताय. मुंबईहून न्यूअर्कला उतरलात, सोबत पहिल्यांदाच अमेरिकेला आलेली आई. इमिग्रेशन, कस्टम्स, मोठ्या बॅगा पुन्हा पट्ट्यावर टाकणं, पुन्हा सिक्युरिटी असं सगळं उरकून तुम्ही पुढच्या देशांतर्गत विमानाच्या गेटवर पोचता. तुमचा ग्रुप पाचवा. तिसरा ग्रुप आत जात असतानाच घोषणा होते: वरचे कप्पे भरत आलेत, चौथ्या ग्रुपपासून पुढच्यांनी चाकांच्या बॅगा इथेच द्या. बॅगेला टॅग लागतो, तुम्ही ती देऊन मोकळे होता. जागेवर बसल्यावर आई विचारते, "अरे, माझं इन्सुलिन त्याच बॅगेत होतं ना?"

हे असं का होतं? विमानात जागाच कमी असते, की आपली चढायची पद्धत चुकते? उत्तर आहे: दोन्ही. आणि त्यामागे मजेदार गणित आहे.

आधी बघू, वेळ जातो कुठे. विमानातली मधली वाट म्हणजे एक अरुंद गल्ली. गल्लीत एक टेम्पो सामान उतरवायला थांबला की मागची सगळी वाहनं अडकतात, तसंच इथे. चालायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो थांबून, बॅग उचलून, कप्प्यात बसवून बाजूला होण्यात. एका माणसाला यासाठी १५ सेकंद लागतात असं धरू. विमानात १८० प्रवासी असतील आणि एका वेळी एकच जण बॅग ठेवत असेल, तर २७०० सेकंद, म्हणजे ४५ मिनिटं लागतील. तेच एका वेळी पाच जण वेगवेगळ्या ठिकाणी बॅगा ठेवत असतील, तर काम ९ मिनिटांत आटपेल. म्हणजे खरा प्रश्न 'कोण आधी चढतं' हा नाही. खरा प्रश्न हा, की एका वेळी किती जण बॅगा वर टाकू शकतात?

आपल्याला सहज सुचणारी पद्धत म्हणजे मागच्या ओळी आधी भरायच्या. दिसायला अगदी शहाणपणाची. पण २६ ते ३० या ओळींचे ३० जण एकदम आत आले की ते सगळे त्याच पाच ओळींपाशी गर्दी करतात. तिथे दोघं-तिघं बॅगा उचलतात, बाकीचे हात बांधून उभे. आणि पुढची पंचवीस ओळींची वाट नुसतीच रांगेने अडलेली, तिथे कोणी काहीच ठेवत नाही.

२००८ साली फर्मीलॅबमधले खगोलभौतिकशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांनी हा प्रश्न संगणकावर घातला. प्रवाशांचा कुठलाही एक क्रम घ्यायचा, त्यात दोघांची अदलाबदल करायची, वेळ वाचला तर नवा क्रम ठेवायचा, नाहीतर जुनाच. असं पुन्हा पुन्हा करत गेल्यावर जो क्रम हाती आला तो असा: आधी एका बाजूच्या खिडकीच्या जागा, मागून पुढे, पण एक ओळ सोडून एक. मग दुसऱ्या बाजूच्या तशाच. मग राहिलेल्या ओळींच्या खिडक्या, मग मधल्या जागा, शेवटी वाटेकडच्या. यात लागोपाठ येणाऱ्या दोघांमध्ये एका ओळीचं अंतर राहतं, त्यामुळे रांगेतले बरेच जण एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता बॅगा ठेवू शकतात.

पुढे विमानाच्या नकली केबिनमध्ये, १२ ओळींत ७२ माणसं सामानासह बसवून हे पडताळून पाहिलं गेलं. मागच्या ओळींपासून गटागटाने चढायला सर्वांत जास्त वेळ लागला, ६ मिनिटं ५४ सेकंद. कोणीही कधीही चढा, असा नुसता गोंधळ ठेवला तर ४ मिनिटं ४४ सेकंद! खिडकी, मग मधली, मग वाटेकडची या क्रमाने ४ मिनिटं १३ सेकंद. आणि स्टेफन यांच्या क्रमाने ३ मिनिटं ३६ सेकंद. शिस्तीपेक्षा गोंधळ बरा निघाला, कारण गोंधळात माणसं आपोआप विमानभर पसरतात.

इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातले एतान बाखमात यांनी याच रांगेकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. तुम्ही थांबलात म्हणून मागचा थांबला, तो थांबला म्हणून त्याच्या मागचा. अशा 'याच्यामुळे तो अडला' साखळ्यांपैकी जी सर्वांत लांब, तीच एकूण वेळ ठरवते. या साखळ्या मांडायला त्यांनी चक्क सापेक्षतावादातली अवकाश-काळाची भूमिती वापरली. त्यातून कळतं की माणसं कागदासारखी पातळ असती, वाटेत जागाच अडवत नसती, तर मागून पुढे चढणं खरंच फायद्याचं ठरलं असतं. पण आपण पातळ नाही, आणि आपल्या हातात बॅगही असते. २०१९ मध्ये बाखमात आणि सहकाऱ्यांनी आणखी एक उलटं वाटणारं उत्तर दिलं: ज्यांना वेळ लागतो त्यांना आधी चढवावं, म्हणजे एकूण वेळ वाचतो. हळू चालणाऱ्यांची कामं एकमेकांसोबत समांतर होऊन जातात. आईला हात धरून आधी नेण्याने तुम्ही कोणाचा खोळंबा करत नसता, हे लक्षात असू द्या.

मग विमान कंपन्या स्टेफन यांचा क्रम का वापरत नाहीत? एक तर त्यात नवरा-बायको आणि मुलं वेगवेगळी होतात. दुसरं, लवकर चढणं ही विकायची गोष्ट झाली आहे. २००८ मध्येच अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या चेक-इन बॅगेला १५ डॉलर लावले, इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या, आणि लोक सामान हातात घेऊन चढू लागले. कप्प्यातली जागा दुर्मीळ झाली, म्हणून लवकर चढण्याला किंमत आली. युनायटेडने ऑक्टोबर २०२३ मध्ये इकॉनॉमीसाठी खिडकी-मधली-वाटेकडची ही पद्धत परत आणली, एकाच बुकिंगवरच्या कुटुंबाला एकत्र ठेवून. पण यातही वाटेकडचे शेवटी येतात, आणि तेव्हा वर जागा उरलेली नसते.

जागा नसली की मग खरी पंचाईत. बाराव्या ओळीतला माणूस अठराव्या ओळीवर बॅग ठेवतो आणि प्रवाहाविरुद्ध परत येतो. जागा सापडलीच नाही तर बॅग भरलेल्या वाटेतून दारापर्यंत उलटी न्यावी लागते. अशी एकच बॅग सगळी रांग थांबवते. गेटवर घोषणा थोडी लवकर होते ती यामुळेच. आत गेल्यावर एखादा रिकामा कप्पा दिसला की राग येतो खरा, पण दहा बॅगा उलट्या आणण्यापेक्षा दोन बॅगांची जागा वाया गेलेली त्यांना परवडते.

जागा वाढवायचा एक उपाय साध्या भागाकारात आहे. इथली नेहमीची केबिन बॅग २२ × १४ × ९ इंच. आडवी ठेवली तर रुंदीत १४ इंच खाते, पुस्तकासारखी कडेवर उभी केली तर फक्त ९. चार आडव्या बॅगांना ५६ इंच लागतात, सहा उभ्या बॅगांना ५४. म्हणजे तेवढ्याच लांबीत दोन बॅगा जास्त! बोइंगच्या नव्या, उंच कप्प्यांत आधीच्या चारऐवजी सहा बॅगा मावतात त्या अशाच. पण प्रत्येकाने बॅग उभी ठेवली तरच. एकाने आडवी टाकली की हिशेब बिघडला.

म्हणून पुढच्या वेळी एवढं करा. कप्पा उंच असेल तर बॅग कडेवर ठेवा. छोटी पिशवी समोरच्या सीटखाली सरकवा. जॅकेट सगळ्यांच्या बॅगा ठेवून झाल्यावर वर टाका. पाण्याची बाटली, हेडफोन वाटेत उभं राहून शोधू नका, आधीच हातात काढून ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: बॅग गेटवर द्यावी लागणारच आहे असं धरून ती भरा. औषधं, पासपोर्ट, दागिने आणि पॉवर बँक एका छोट्या पिशवीत, बॅगेच्या अगदी वर ठेवा, म्हणजे टॅग लागायच्या आत ती उचलता येईल. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या कक्षात द्यायला अमेरिकेत नियमानेच बंदी आहे, कारण तिथे पेट घेतला तर विझवायला कोणी नसतं. इन्सुलिन थंडीने गोठलं की नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं. आईला चढायच्या आधीच विचारा, "तुझं औषध कुठे आहे?" हा प्रश्न तिने विमानात बसल्यावर तुम्हाला विचारण्यापेक्षा तुम्ही गेटवर तिला विचारलेला बरा.