बाजारभावाची वीज: सॅन दिएगो ते नॉर्वे

२००० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात घरोघरी आलेली वीजबिले दुप्पट होती, काहींची त्याहूनही जास्त. वापर तेवढा वाढलेला नव्हता. कॅलिफोर्नियाने १९९६ साली वीजक्षेत्र बाजाराला खुले करण्याचा कायदा केला होता आणि संक्रमणाच्या काळापुरते घरगुती दर गोठवले होते. सॅन दिएगोच्या कंपनीने जुन्या प्रकल्पांत अडकलेला पैसा लवकर वसूल केल्यामुळे १९९९मध्ये फक्त तिच्या ग्राहकांपुरते हे बंधन उठले. पुढच्याच वर्षी घाऊक भाव भडकले आणि थेट बिलात उतरले. सप्टेंबरमध्ये राज्याला नवा कायदा करून युनिटमागे साडेसहा सेंटची मर्यादा घालावी लागली, तीही १ जूनपासून, मागच्या तारखेने.

घाऊक भावाशी जोडलेल्या घरगुती दराचा मागोवा इथून घ्यावा असे मला वाटते, कारण सॅन दिएगोत या कल्पनेतली पहिली उणीव उघडी पडली. मीटर महिन्यातून एकदा वाचला जाई. कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला वीज महाग होती हे गृहिणीला कळायचा मार्गच नव्हता. भाव कळला तो पैसे भरायची वेळ आल्यावर. वापर कमी-जास्त करायची संधी न देता नुसता भाव लादला, तर ती शिक्षाच होते.

हा भाव ठरतो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे. बहुतेक बाजारांत उद्याच्या वेगवेगळ्या तासांसाठी आज लिलाव होतो. वीजकेंद्रे आपापली बोली लावतात. स्वस्त बोली आधी घेतली जाते, मग त्याहून महाग, आणि मागणी जिथे पुरी होते तिथल्या शेवटच्या बोलीचा भाव सगळ्यांना मिळतो. वारा-ऊन भरपूर असेल तर हा भाव शून्याच्या जवळ, कधी शून्याखालीही जातो. संध्याकाळी गॅसवरची केंद्रे चालवावी लागली की गॅसचा भाव तोच विजेचा भाव होतो, पवनचक्कीच्या विजेलासुद्धा. ग्राहकाच्या बिलात यावर वहन आकार आणि कर चढतात, म्हणून घाऊक भाव निम्मा झाला तरी बिल निम्मे होत नाही.

आपल्याकडे इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर २००८पासून असे सौदे होतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येकाचा भाव निघतो. तो भाव महाराष्ट्रातल्या घरापर्यंत थेट पोहोचत नाही. दर नियामक आयोग ठरवतो आणि वाढलेला खरेदीखर्च नंतर इंधन समायोजन आकार म्हणून बिलावर येतो. केंद्राच्या २०२३च्या नियमांनी सौर तासांत दर किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितले, पण ते आधी ठरवून दिलेले तास आहेत. उद्याच्या बाजाराशी त्यांचा संबंध नाही.

तासातासाचा भाव घरात आणायला स्मार्ट मीटर लागतो, आणि युरोपात तो येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे गेली. स्पेनने १ एप्रिल २०१४पासून नियंत्रित घरगुती दर घाऊक बाजाराला जोडला. त्याआधी दर तिमाहीला लिलावाने ठरत असे. डिसेंबर २०१३च्या लिलावात भाव इतका चढला की सरकारने तो लिलावच रद्द केला आणि नवी पद्धत आणली. ब्रिटनमध्ये ऑक्टोपस कंपनीची अजाइल योजना २०१८मध्ये सुरू झाली: रोज दुपारी चारच्या सुमारास उद्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे दर जाहीर, संध्याकाळी चार ते सात महाग, आणि काहीही झाले तरी युनिटला ३५ पेन्सच्या वर नाही. वाऱ्याच्या रात्री दर उणे झाला की वीज वापरल्याबद्दल बिलातून पैसे वजा होत. सॅन दिएगोची उणीव इथे भरून निघाली होती. भाव आदल्या दिवशी कळत होता, आणि वरची कमाल मर्यादाही होती. ज्यांच्याकडे विजेवरची गाडी होती, त्यांचा यात खरोखर फायदा झाला.

टेक्सासमधल्या ग्रिडी कंपनीच्या योजनेत ही मर्यादा नव्हती. ९ डॉलर ९९ सेंट मासिक शुल्क, बाकी वीज घाऊक भावाने. नेहमीच्या दिवसांत ती स्वस्त पडे, म्हणून सुमारे २९,००० ग्राहक जमले. फेब्रुवारी २०२१मध्ये राज्यावर बर्फाचे वादळ आले. गॅसच्या विहिरी आणि नळ गोठले, वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडली, लाखो घरे कडाक्याच्या थंडीत अंधारात गेली, आणि सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे मेली. १५ फेब्रुवारीला राज्याच्या आयोगाने आदेश दिला की टंचाई आहे तोवर घाऊक भाव कमाल मर्यादेवर, मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरवर धरावा. म्हणजे युनिटला ९ डॉलर. एरवी टेक्सासमधल्या घराला युनिट साधारण १२ सेंटला पडे. सक्तीचे भारनियमन १७ तारखेच्या मध्यरात्री संपले, तरी भाव आणखी सुमारे ३२ तास तिथेच राहिला.

दर तासाचा भाव ग्रिडीच्या ग्राहकांना फोनवर दिसत होता. त्याने काय साधले? घरात लहान मूल आहे, बाहेर शून्याखाली तापमान आहे, हीटर बंद करता येत नाही. काहींनी एक दिवा ठेवून बाकी सगळे बंद केले, तरी त्यांच्या कार्डातून पैसे आपोआप कापले जात राहिले. पाच हजार डॉलरवरची बिले बातम्यांत आली. भाव चढायच्या आधीच कंपनीने ग्राहकांना दुसरीकडे जायला सांगितले होते, पण वादळाच्या त्या शनिवार-रविवारी नवा ग्राहक घ्यायला कोणी सहज तयार नव्हते. मार्चमध्ये ग्रिडी दिवाळखोरीत गेली, थकलेली बिले पुढे माफ झाली, आणि त्याच वर्षी टेक्सासने घरगुती ग्राहकांना अशी योजना विकायलाच बंदी घातली.

या घटनेचे वाचन बहुतेकांनी कमाल मर्यादेपाशी थांबवले. माझ्या मते तिच्यात आणखी खोल गोष्ट आहे. बाजारभावाच्या विजेचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: महाग तासाच्या मागेपुढे कुठे तरी स्वस्त तास असतो, तिथे काम सरकवावे. टेक्सासमध्ये तो स्वस्त तास जवळजवळ चार दिवस नव्हताच.

युरोपात तो महिनोन्‌महिने नव्हता. २०२१च्या उत्तरार्धापासून गॅस चढत गेला आणि रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर भडकला. ८ मार्च २०२२ला स्पेनमधला दिवसाचा सरासरी घाऊक भाव मेगावॉट-तासाला सुमारे ५४५ युरोवर गेला. धुणे रात्री लावा, इस्त्री सुट्टीच्या दिवशी करा, हे सल्ले तेव्हा वर्तमानपत्रांतून रोज येत; पण रात्रही महाग होती. गॅसवरची वाढ वीजभावात पूर्ण उतरू नये म्हणून स्पेन आणि पोर्तुगालने जून २०२२पासून वीजनिर्मितीच्या गॅसभावाला वेगळी मर्यादा घालून घेतली. ब्रिटनमधल्या अजाइलची ३५ पेन्सची मर्यादा टप्प्याटप्प्याने एक पौंडापर्यंत वाढवण्यात आली. भावाची एखादी उसळी सोसायला ग्राहकाची शिस्त पुरते, पण अख्खा हिवाळा सोसायला विमा लागतो, आणि तो विमा कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न प्रत्येक सरकारसमोर उभा राहिला.

सर्वांत जुना सराव नॉर्वेचा. १९९१पासून बाजार खुला, जवळजवळ सगळी वीज पाण्यावरची, घरे विजेवरच गरम होतात, आणि बहुसंख्य कुटुंबांनी आपणहून बाजारभावाचा करार पत्करलेला. तरी तिथेही घडी विस्कटली. जर्मनी आणि ब्रिटनकडे जाणाऱ्या नव्या समुद्री तारांमुळे युरोपातल्या भावाची झळ दक्षिण नॉर्वेला अधिकच बसू लागली. ऑगस्ट २०२२मध्ये क्रिस्तियानसांमध्ये विक्रमी भाव आणि उत्तरेला त्रोम्सोमध्ये त्याच महिन्यात अगदी नगण्य, एकाच देशात. डिसेंबर २०२१पासून सरकारने युनिटला ७० ओरेच्या (ओरे म्हणजे नॉर्वेच्या क्रोनचा शंभरावा भाग) वरचा भार वाटून घेतला: आधी ५५ टक्के, मग ८०, मग ९०. सुरुवातीला ही मदत महिन्याच्या सरासरीवर मोजली जाई, त्यामुळे स्वस्त तासात वापरणाऱ्याला बचत पूर्ण मिळे. सप्टेंबर २०२३पासून ती तासावर मोजू लागले. महाग संध्याकाळी थंडी सोसणाऱ्या घरासाठी हे न्याय्य होते, पण काम दुसऱ्या तासाला सरकवायचे कारण बरेच कमी झाले.

इथून दोन वाटा फुटल्या. स्पेनने २०२४पासून घरगुती दराचा २५ टक्के भाग आगाऊ सौद्यांच्या भावाला बांधला, २०२५ला ४० आणि २०२६ला ५५ टक्के. उरलेला भाग तासातासाने हलतो. त्यामुळे दुपारचे सौर तास अजून स्वस्त दिसतात, पण वाईट महिन्याचा मार अर्ध्यावर येतो. मला ही वाट अधिक पटते, कारण तिच्यात घराला राखणही मिळते आणि वीज वाया न घालवायचे कारणही शिल्लक राहते.

नॉर्वेने मात्र १ ऑक्टोबर २०२५पासून प्रत्येक घराला बाजारभाव सोडून देण्याचा पर्याय दिला: कर वगळून युनिटला ४० ओरे, महिन्याला ५,००० युनिटपर्यंत, ऋतू कोणताही असो. त्या वर्षाच्या जानेवारीत ऊर्जेविषयीच्या युरोपीय नियमांवरून तिथले आघाडी सरकार मोडले होते, हे लक्षात घेतले की या निर्णयामागची लोकांची चीड कळते. हा दर घेणाऱ्या कुटुंबाला विजेवरची गाडी मध्यरात्री चार्जिंगला लावली काय आणि संध्याकाळी सहाला लावली काय, विजेचा भाव सारखाच. तिथल्या वाहिन्यांवर ताण येऊ नये म्हणून आता भिस्त उरली आहे ती वेगळ्याच आकारावर: २०२२पासून वहन आकाराचा एक भाग महिन्यातल्या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या सर्वाधिक वापराच्या तासांवरून ठरतो, आणि तो भाग या नव्या दराने माफ केलेला नाही.