चौलच्या बंदरातून गळ्यापर्यंत

रायगडच्या किनाऱ्यावर नाणे नुसते खर्चायचे नसते. पूजेच्या कलशात सुपारीबरोबर ते पाण्यात सोडतात, सवाष्णीच्या ओटीत तांदूळ, खण, नारळ यांच्यासोबत घालतात आणि आहेराच्या पाकिटाला वरचा रुपया चिकटवल्याशिवाय रक्कम पुरी झाली असे कोणाला वाटत नाही. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर तर आजीच्या डब्यातली काळवंडलेली नाणी आधी मांडली जातात. ज्या नाण्याला बाजारात आज कोणी विचारत नाही, त्याला देव्हाऱ्यात एवढा मान का? या प्रश्नाचे उत्तर अलिबागच्या दक्षिणेला, चौल-रेवदंड्याच्या इतिहासात सापडते.

दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदीने चौलची नोंद केली, पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच बंदरात उतरला. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला आणि त्याच शतकात सेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी चौल पाहून गेला. कापड, मसाले आणि नारळ विकत घ्यायला पश्चिमेकडे बदल्यात देण्याजोगा माल फारसा नव्हता. फरक सोन्या-चांदीतच चुकता व्हायचा. तांबड्या समुद्रातून आणि होर्मुझवरून हे सोने पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. त्यात व्हेनिसचे डुकाट हे नाणे होते. आपल्याकडे त्याची पुतळी झाली.

ही पुतळी जवळून पाहण्यासारखी आहे. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला व्हेनिसचा सत्ताधीश गुडघे टेकून संत मार्ककडून ध्वज घेतो आहे. दोघांच्या मधोमध ध्वजाची उभी काठी. दुसऱ्या बाजूला लांबट वर्तुळात चांदण्यांनी वेढलेला उभा येशू. 1284 मध्ये हे नाणे पहिल्यांदा पाडले गेले आणि 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक मोडेपर्यंत त्याचा कस आणि ठसा जवळपास तसाच राहिला. पाचशे वर्षे ज्याने कोणाला फसवले नाही, ते नाणे सराफाने डोळे मिटून घेतले, आणि सराफाने घेतले म्हणून घरच्या बाईने अंगावर घातले. पुढे भारतातच त्याच्या नकला होऊ लागल्या. त्यांत लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या उरल्या, माणसांच्या आकृत्या मात्र टिकल्या. त्या नाण्यांना कडी लावून पटवेकऱ्याने ती रेशमात ओवली की पुतळ्यांची माळ तयार. ठशातला राजा कोण, संत कोण, हे घालणारीला ठाऊक असण्याची गरजच नव्हती. आजच्या पुतळीवर तर बहुधा लक्ष्मी असते.

किनाऱ्यावरून आत, रायगडावरही पुतळी पोहोचली होती. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जंत्री दिली आहे. तीत मोहरा आणि शिवराई होनांच्या बरोबरीने पुतळ्या आहेत. 1674 च्या राज्याभिषेकाने स्वराज्याला स्वतःचे नाणे दिले: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड. त्याच वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तहासाठी गडावर होता. ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे असे एक कलम इंग्रजांना हवे होते. महाराजांनी ते गरजेचे मानले नाही. कोणत्याही नाण्याला आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती आम्ही करणार नाही. तुमचे नाणे कसाला आणि वजनाला खरे असेल तर त्याला आडकाठी नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नाण्याची पत हुकमाने ठरत नाही, ती लोकांच्या विश्वासाने ठरते, हे यापेक्षा स्वच्छ कोणी सांगितलेले नाही.

हा विश्वास सोन्यापुरता नव्हता. तांब्याची शिवराई पेशवाई बुडाल्यावरही हातोहात फिरत राहिली आणि चलनातून गेल्यावर देव्हाऱ्यात बसली. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई आली, तेव्हा 1943 पासून सरकारने मधोमध भोक असलेला पैसा काढला. धातू वाचवायला पाडलेले ते भोक आयांना दोरा ओवायला सोयीचे झाले आणि तो पैसा पोरांच्या करगोट्यात गेला. जपानमध्येही भोकाचे पाच येनचे नाणे शुभ मानतात. चांगल्या माणसांशी गाठ पडावी म्हणून ते देवळाच्या दानपेटीत टाकतात. त्यावर भाताची लोंबी, पाण्याच्या रेषा आणि दातेरी चाक आहे: शेती, मासेमारी आणि कारखाने. भात आणि मासळीवर जगणाऱ्या आपल्या किनाऱ्याला हे चिन्ह परके वाटू नये.

माझे मत स्पष्ट आहे. नाण्यातली शुभता ग्रहांतून आलेली नाही आणि निव्वळ धातूतूनही नाही. ज्या वस्तूने पिढ्यान्‌पिढ्या दगा दिला नाही, तिला माणसाने देवाजवळ जागा दिली. म्हणूनच ‘भाग्य उजळणारे’ म्हणून आज महागड्या भावाने विकल्या जाणाऱ्या नकली शिवराया मला नाण्याच्या मूळ अर्थाचा अपमान वाटतात.

खरी नाणी मात्र मुशीत चालली आहेत. जुनी पुतळी मोडून नवा दागिना करताना सोन्याचा भाव मिळतो, ठसा कायमचा जातो. यंदा लक्ष्मीपूजनाला घरातली जुनी नाणी बाहेर काढाल, तेव्हा घासूनपुसून लखलखीत करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन करा, कोणाकडून आली ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा आणि मोडीत घालण्यापूर्वी एकदा नाणेतज्ज्ञाला दाखवा. वाडीत, शेतात खणताना पुरलेली नाणी निघाली, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती जरूर द्या.