धूसर दिव्यांची भेटकार्डे

आमच्या माजघरातील फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. घरी आलेली भेटकार्डे त्यात जपून ठेवण्याची चाल आमच्या मातोश्रींनी पाडली. बडोद्याच्या आत्याबाईंचे दिवाळीचे कार्ड, ग्वाल्हेरच्या मामांचे, इंदूरच्या मावशींचे. संक्रांतीच्या चिमुकल्या पाकिटांत तर हलव्याचे चार दाणेही असत आणि टपालाच्या शिक्क्याखाली त्यांचा हमखास भुगा झालेला असे. तो भुगाही आम्ही भावंडे वाटून खात असू. आम्ही बेळगावचे आणि गणगोत असे चार दिशांना पांगलेले. वर्षातून दोनदा ते सारे या डब्यात एकत्र येई. अलीकडच्या दहा-बारा वर्षांत त्यात भर पडली ती केवळ लग्नपत्रिकांची. शुभेच्छा आता भ्रमणध्वनीवर येतात आणि एकच समई सतरा जणांकडून येते.

तक्रारीचा सूर लावण्याचा आमचा हेतू नाही. छापील भेटकार्डाचा जन्मही कंटाळ्यातूनच झालेला आहे. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल या गृहस्थांना नाताळची इतकी उत्तरे लिहावयाची होती की, त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या हजारभर प्रती छापविल्या. उरलेल्या एकेक शिलिंगाला विकल्या. तेव्हा आजच्या पिढीला नावे ठेवण्यापूर्वी आपण जरा थबकावे हे बरे.

सन २०२३ मध्ये दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा दिवाळीला अजून अडीच-तीन आठवडे होते. आमच्या सरकारी शाळेतील चित्रकलेच्या बाईंनी सातवीच्या मुलांकडून हातांनी भेटकार्डे करवून घेण्याचा घाट घातला. ठसेकाम मुलांना नवे नव्हे. बटाटा अर्धा कापावा, त्यावर पणती कोरावी, फडक्याने पाणी टिपून रंगात बुडवावी, हे तिसरीपासून चालत आलेले. परंतु बाईंना या खेपेस पार्श्वभूमी निराळी हवी होती. छायाचित्रांत पुढची वस्तू स्पष्ट आणि मागचे दिवे वाटोळ्या, विरघळलेल्या चकत्यांसारखे दिसतात, तशी. या प्रकाराला ‘बोके’ म्हणतात, असे बाईंनी सांगताच वर्गात जे हसू फुटले ते आमच्या कचेरीपर्यंत ऐकू आले. मांजरांचा आणि या बोक्यांचा काही संबंध नाही. शब्द जपानी आहे आणि त्याचा अर्थ धूसरपणा. एका अमेरिकन छायाचित्रण-मासिकाने १९९७ मध्ये तो इंग्रजीत रूढ केला. त्याच उच्चाराने जपानी माणसे मंदबुद्धी, भ्रमिष्ट माणसालाही हाक मारतात, हे आम्ही मागाहून वाचले.

आरंभी बाईंनी मुलांना काहीच दाखविले नाही. ‘लांबून रात्री दिवाळीचे दिवे कसे दिसतात ते काढा,’ एवढेच सांगितले. बहुतेकांनी ठिपके काढले, कित्येकांनी किरणे फुटलेल्या चांदण्या. एकीचा कागद मात्र बाईंनी बाजूला काढून ठेवला. त्याविषयी पुढे.

प्रथम कृती सांगतो, कारण घरोघरी ती सहज करता येईल. दोनशेपन्नास ते तीनशे ग्रॅम वजनाचा जाड पांढरा कागद घ्यावा. नेहमीच्या ए-फोर आकाराच्या तावाचे आडवे दोन भाग करून प्रत्येकाची मधोमध घडी घातली की साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरचे कार्ड होते. पोस्टर कलर आणि गादीच्या स्पंजाचे तुकडे एवढी सामग्री पुरे. दर्शनी भागाच्या मध्यावर पिवळा, त्याभोवती नारिंगी, मग तांबडा, मग जांभळा आणि कडांना गडद निळा असा रंग स्पंजाने हलके हलके थोपटावा. हा क्रम मोडू नये. पिवळ्याला निळा भिडला की हिरवा होतो आणि दिवाळीची रात्र न होता तळ्यातले शेवाळ होते. आमच्या शाळेत पहिल्या दिवशी अशी अकरा शेवाळे झाली. थर पुरता वाळू द्यावा. घाई केली की वरचा ठसा खालचा रंग उचलून आणतो.

आता दिवे. जुन्या क्ष-किरण फिल्मच्या तुकड्यात निरनिराळ्या मापांची वाटोळी भोके पाडावीत. सर्वांत लहान भोक कचेरीतल्या पंचिंग मशीनने पडते, मोठी नाणी ठेवून कापता येतात. फिल्म कार्डावर दाबून धरावी. स्पंज पांढऱ्या रंगात टेकवून आधी रद्दी वर्तमानपत्रावर तीन-चारदा टिपावा आणि तो जवळजवळ कोरडा झाला म्हणजेच भोकावर थोपटावा. सारे यश या कोरडेपणात आहे. ओला स्पंज फिल्मखाली रंग सोडतो आणि दिव्याचा डाग होतो. मोठी चकती अगदी फिकट हवी, लहान चकती तिच्याहून उजळ. काही चकत्या एकमेकींवर चढू द्याव्यात, काही कडेबाहेर अर्ध्या जाऊ द्याव्यात. जिथे दोन चकत्या मिळतात तिथला भाग आपोआप अधिक उजळतो. भोकाच्या काठाशी रंग किंचित साचून कड ठळक होते. ती पुसू नये, पुष्कळ भिंगांतल्या धूसर चकत्यांनाही तशी कड असते. सर्वांत शेवटी खालच्या बाजूस काळ्या रंगात ठसा उठवावा. तुळशीवृंदावन, आकाशकंदील, पणती, काहीही. खोडरबरावर कोरलेला ठसा बटाट्याहून रेखीव उठतो आणि दुसऱ्या दिवशी सुकून सुरकुतत नाही. अक्षरे कोरायची तर उलटी कोरावी लागतात. ज्या विद्यार्थ्याने ती सुलटी कोरली, त्याचे कार्ड आरशात धरून वाचावे लागले आणि तेच सर्वांत लोकप्रिय ठरले.

मोठी चकती फिकट का, असे एका मुलाने विचारले. प्रश्न फार चांगला. दूरचा दिवा म्हणजे प्रकाशाचा एक बिंदू. भिंगातून आलेले त्याचे किरण पडद्यावर नेमके एकत्र आले तर बिंदूचा बिंदूच राहतो. ते पडद्याच्या अलीकडे किंवा पलीकडे मिळाले तर पडद्यावर चकती पडते. मेळ जितका हुकेल तितकी चकती मोठी. आणि प्रकाश तितकाच असून तो अधिक जागेवर पसरल्यामुळे फिकट. चकतीला आकार येतो तो भिंगाच्या छिद्राचा. आपला डोळाही याच नियमाने चालतो. बुबुळाच्या मधले छिद्र वाटोळे, म्हणून नजर हुकलेल्या डोळ्याला दिवे वाटोळे दिसतात, आणि अंधारात ते छिद्र रुंदावते, म्हणून रात्री ते अधिकच मोठे दिसतात.

हे आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगितले आणि सांगता सांगताच बाईंनी बाजूला ठेवलेला तो कागद आम्हांस आठवला. त्यावर ठिपके नव्हते, चांदण्याही नव्हत्या. एकमेकांवर चढलेल्या चकत्या होत्या, मोठ्या फिकट, लहान उजळ. बाईंची समजूत, मुलीने कुठल्याशा पुस्तकात पाहिले असावे. आम्ही तिला जवळ बोलावून विचारले.

‘हे कुठं पाहिलंस, बाळ?’

‘कुठं म्हणजे? लांबचे दिवे असेच असतात की, सर.’

‘सगळ्यांना असेच दिसतात?’

ती गोंधळली. शेजारणीच्या कागदावरील चांदण्यांकडे तिने पाहिले आणि म्हणाली, ‘चांदण्या खोट्याच काढतात असं वाटायचं मला.’

तिला आम्ही तीन वर्षे ओळखत होतो. उंची अधिक म्हणून शेवटच्या बाकावर बसविलेली. फळ्यावरचे उतरून घेण्यास सांगितले की शेजारणीच्या वहीत डोकावणारी. आमच्या नोंदीत ‘लक्ष नसते’ असा शेरा दोनदा होता आणि त्यातला एक आमच्या स्वतःच्या अक्षरातला. पाचवीत एकदा चाचणीत नक्कल केल्याबद्दल आम्ही तिला वर्गाबाहेर उभे केले होते. सत्तावीस वर्षे मुलांसमोर उभे राहून आम्ही हे शिकलो होतो!

वडिलांना बोलावून घेतले. शेतकरी माणूस, मुलीवर जीव, तरी पहिले वाक्य, ‘पोरीला आत्तापासून चष्मा कशाला, सर? उद्या विचारतील की.’ त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही तो कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितले की, तुमच्या लेकीला गावातल्या देवळाची दीपमाळ अशी दिसते. ते पुष्कळ वेळ कागद पाहत राहिले. ‘बरी दिसते म्हणायची,’ एवढेच बोलले. पण दुसऱ्या दिवशी बैलांना वैरण घालून ते मुलीसह पहिल्या गाडीने तपासणीस गेले. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेतीन निघाला. म्हणजे जेमतेम फूटभर अंतरापलीकडे तिला काहीच रेखीव दिसत नव्हते. आम्ही फळ्याजवळ उभे राहून ज्या आकृत्या काढीत होतो, त्या तिच्यापासून वीस फुटांवर.

दिवाळीपूर्वी चष्मा आला. पहिल्या दिवशी ती शाळेच्या पटांगणात उभी राहून कडुलिंबाकडे पाहत होती. पाने सुटी सुटी दिसतात, असे तिने बाईंना सांगितले. विजेच्या तारांवर पक्षी बसतात हेही तिला नव्याने कळले. दिव्यांविषयी मात्र तिचे मत प्रतिकूल पडले. ‘बारीक झाले,’ म्हणाली.

त्या वर्षी मुलांनी मिळून बेचाळीस कार्डे केली. पत्ते लिहिण्यास आम्ही एक संपूर्ण तास दिला, कारण पिनकोड कुठे लिहावा हे चारच मुलांना ठाऊक होते. कार्डे आत्यांना, मामांना, पुण्यास नोकरीला असलेल्या दादांना गेली. दोन पत्ता चुकून परत आली. एक आमच्या घरच्या पत्त्यावर आले. वृंदावनाचा ठसा थोडा तिरपा आहे, पण मागचे दिवे इतके खरे की सौभाग्यवतींनी ते छायाचित्र समजून बोट लावून पाहिले. आत पाठ्यपुस्तकी शुभेच्छा आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘मागचे दिवे चष्मा काढून केले आहेत.’

ते आम्ही डब्यात ठेवले आहे, बडोद्याच्या आत्याबाईंच्या कार्डावर. या संक्रांतीस बाईंचा बेत पांढऱ्याऐवजी फिकट गुलाबी चकत्यांचा आहे, हलव्यासारख्या. क्ष-किरण फिल्म कमी पडते. कुणाच्या घरी जुनी पडून असेल तर फेकू नये.