पोलिसांनी हिशेब कोणास द्यावा?

ज्याच्या हाती दंड आहे त्याच्यावर कोणाची तरी नजर असावी, हे सर्वांस मान्य आहे. शुभवर्तमानातील धनीही आपल्या कारभाऱ्याकडे हिशेब मागतो. परंतु पोलिसांचा धनी कोण? तो दूर राजधानीत असावा, की आपल्याच नगरात लोकांनी निवडलेला असावा? या प्रश्नाचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

नांदेड व लातूर हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावोगावी वतनदार पोलीस पाटील असत. पण पोलीस खात्याचा अंतिम हिशेब निजाम सरकारास द्यावयाचा असे. प्रजेने तो मागावा अशी सोय नव्हती. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जुलूम मांडला तेव्हा या उणिवेचे फळ लोकांनी भोगले. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे. ज्या सरकारच्या छायेत असा जुलूम वाढतो, त्याच्याच ठाण्यावर गाऱ्हाणे कोणत्या भरवशाने न्यावे? १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली.

आज राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा राज्य सरकारचा विषय आहे. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक प्रमुख असतात; नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांवर नांदेड येथील विशेष पोलीस महानिरीक्षकांची देखरेख असते. त्यांवर गृहखाते, आणि गृहमंत्री विधिमंडळास उत्तरदायी. साखळी अखंड आहे खरी, पण लांब आहे. नांदेडास १९९७ साली व लातुरास २०११ साली महानगरपालिका मिळाली. तरी महापौरांस पोलिसांवर कोणताही अधिकार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकरिता जे १८ विषय सांगितले, त्यांत पोलीस नाही. शिवाय आपले महापौर नगरसेवकांनी अडीच वर्षांकरिता निवडलेले असतात आणि अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे असतो.

इंग्लंडात मात्र निराळा प्रयोग झाला. मँचेस्टर व आसपासची नगरे मिळून दहा पालिकांचा जो प्रदेश आहे, तेथे २०१७ च्या मे महिन्यात लोकांनी थेट निवडलेल्या महापौरांकडे पोलिसांवरील देखरेख सोपविण्यात आली. अंदाजपत्रक ठरविणे, कामाचे धोरण आखणे व मुख्य पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक करणे हे महापौरांचे काम. परंतु कोणास अटक करावी, कोणत्या गुन्ह्याचा तपास कसा करावा, हे ठरविणे पोलिसांचेच. या भेदातच सर्व मर्म आहे. शाळेचे व्यवस्थापक मंडळ मुख्याध्यापकांची नेमणूक करते व खर्चाचा हिशेब मागते. म्हणून अमुक मुलास इतके गुण द्या, असे त्यास सांगता येत नाही. तसेच हे होय.

एवढ्याने सर्व दोष मिटले काय? नाही. २०२० साली स्वतंत्र निरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हा त्या पोलीस दलाने एका वर्षात सुमारे ८० हजार गुन्हे नोंदविलेच नव्हते, असे आढळले. मुख्य अधिकाऱ्यास पद सोडावे लागले. येथे दोन्ही बाजू दिसतात. महापौर जवळ असूनही दोष राहिला. तो उघड झाला तो कोणाच्याही मिंधेपणात नसलेल्या निरीक्षकांमुळे.

म्हणून आमचे मत असे की, केवळ धनी बदलल्याने न्याय मिळत नाही. आपल्याकडे आजच महापौरांच्या हाती हा अधिकार दिला, तर अल्प मुदत व पक्षोपपक्षांची ओढाताण यांमुळे पोलीस स्थानिक पुढाऱ्यांचे हस्तक होण्याचे भय आहे. हिशेब मागणारा जवळचा असावा, तपासात हात घालणारा नसावा, आणि त्याच्याही वर निःपक्ष परीक्षक असावा; या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींकरिता स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात राज्य व विभाग अशा दोन स्तरांवर त्यांची तरतूद केली. ही प्राधिकरणे सामान्य माणसाच्या ओळखीची झाली, तर लांब साखळीची एक कडी आपल्या दाराशी येईल.

तोवर नागरिकांनीही आपले कर्तव्य जाणावे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविल्यावर तिची प्रत विनामूल्य मिळण्याचा फिर्यादीस हक्क आहे. ठाण्यावर फिर्याद घेण्याचे नाकारल्यास ती लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट सांगितले आहे. ज्या घरी वडीलधाऱ्यांस हे ठाऊक आहे व मुलांस ते वाचून दाखविता येते, त्या घरास ठाण्याची पायरी चढण्याचे भय कमी वाटेल. पोलिसांचा खरा धनी प्रजा आहे; पण हिशेब मागावयास न शिकलेल्या धन्यास कोणताही कारभारी हिशेब देत नाही.