परसबागेतील मळी व गूळ : उपयोग आणि मर्यादा

शाळेची परसबाग ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. पोषण आहारास ताजी भाजी मिळावी आणि हाताने काम करता करता मुलांना विज्ञान व गणित शिकता यावे, असा तिचा दुहेरी हेतू आहे. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी मूलोद्योग शिक्षणाचा विचार मांडला, त्यातही श्रम व ज्ञान यांची हीच सांगड होती. या बागेस खत कोणते घालावे, हा प्रश्न शिक्षकांपुढे नेहमी उभा राहतो. मळीचे अथवा गुळाचे पाणी घातल्यास झाडे झपाट्याने वाढतात, असे पुष्कळदा सांगण्यात येते. हे म्हणणे कोठवर खरे आहे, याचा विचार शिक्षकाने प्रथम स्वतः करावा. कारण वर्गात ऐकलेली गोष्ट मुले घरी सांगतात आणि घरची माणसे ती शेतात करून पाहतात.

मळी म्हणजे काय ?

आपल्याकडे ‘मळी’ हे एकच नाव निरनिराळ्या पदार्थांना लावतात. गुऱ्हाळात काहिलीतील रस उकळू लागला की वर मळकट फेस येतो व तो काढून टाकतात. ती एक मळी. साखर कारखान्यात रस शुद्ध करताना जो काळपट गाळ निघतो, त्यासही शेतकरी मळीच म्हणतात. हा गाळ कुजवून शेतात घालण्याजोगा असतो. तिसरी मळी म्हणजे साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर मागे उरणारा दाट, काळसर, चिकट पाक. इंग्रजी नावावरून हिला मोलॅसिस म्हणतात. या लेखात मळी म्हणजे हीच समजावी. या मळीपासून मद्यार्क काढल्यानंतर जे सांडपाणी उरते, त्याला लोक ‘मळीचे पाणी’ म्हणतात. ते परसबागेत कदापि वापरू नये.

विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. पुढे ही चळवळ राज्यभर पसरली व मळी हा शब्द ऊस पिकविणाऱ्या गावांत घरोघरी परिचयाचा झाला. एक टन उसापासून सर्वसाधारणपणे १०० किलोच्या आसपास साखर व सुमारे ४० किलो मळी मिळते. मळीचा जवळजवळ निम्मा भाग साखरच असतो. मात्र ती दाणेदार रूपात काढणे परवडत नाही. उरलेल्या भागात पाणी व उसाने जमिनीतून घेतलेली खनिजे असतात. त्यांत पालाश अधिक, चुना व मॅग्नेशियम काही प्रमाणात, आणि नत्र व स्फुरद अगदी थोडे असते.

मळी खाते कोण ?

येथे मुख्य मुद्दा लक्षात घ्यावा. हिरवे झाड आपली साखर स्वतः पानांत तयार करते. त्यास जमिनीतून पाणी व खनिजे हवी असतात. साखर नको असते. मग मळी अथवा गूळ यांचा उपयोग कोणास ? तर मातीतील सूक्ष्म जीवांस. मूठभर सकस मातीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. पालापाचोळा व शेण कुजविणे आणि त्यांतील नत्र, स्फुरद इत्यादी द्रव्ये झाडाच्या मुळांना घेता येतील अशा स्वरूपात आणणे, हे त्यांचे काम. साखर हे त्यांचे तत्काळ पचणारे खाद्य होय. ते मिळताच त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि कुजण्याची क्रिया जलद होते. म्हणून मळी हे झाडाचे अन्न नसून, झाडाचे अन्न शिजविणाऱ्यांना दिलेली शिधासामग्री आहे.

एवढ्यावरून साखरेचे पाणी जितके घालावे तितके चांगले, असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. साखरेत कर्ब आहे, नत्र मुळीच नाही. सूक्ष्म जीवांना स्वतःचे शरीर बांधण्यासाठी नत्र लागतेच. ते जवळ नसेल तर वाढलेले जीव मातीतील उपलब्ध नत्र ओढून घेतात. पंगतीला माणसे पुष्कळ बोलावली आणि ताटात केवळ गोड वाढले, तर ती शेवटी घरातल्यांच्या वाट्याच्या वरण-भाताकडे वळणारच. तसाच हा प्रकार होय. परिणामी झाडाची खालची पाने पिवळी पडतात आणि खत घालूनही वाढ खुंटते. हे जीव पुढे मरतात तेव्हा त्यांतील नत्र मातीत परत येते. परंतु एका महिन्यात काढावयाच्या मेथीला तितका वेळ थांबता येत नाही.

वरच्या वर्गांतील मुलांकडून पुढील हिशेब करून घ्यावा. १०० किलो मळीत पालाश साधारणपणे ३ ते ४ किलो असतो. बादलीभर पाण्यात ५० ग्रॅम मळी घातली, तर त्या बादलीतून बागेस पालाश मिळेल तो दीड ते दोन ग्रॅम. उलट, चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र शेकडा सुमारे अर्धा भाग धरला, तरी दहा किलोच्या एका पाटीतून ५० ग्रॅम नत्र मिळते. मळी ही शेणखताची जागा घेऊ शकत नाही, हे या हिशेबाने मुलांना सहज पटेल.

वापर कसा करावा ?

मळीपासून मद्यार्क तयार होत असल्याने तिचा साठा, वाहतूक व विक्री यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे. सबब शाळेने कारखान्यातून मळी आणण्याच्या खटपटीत पडू नये. काकवी किंवा गूळ यांनी तेच कार्य साधते. मात्र गूळ हे प्रथम मुलांचे अन्न आहे, हे विसरू नये. खाण्याजोगा गूळ मातीत ओतणे योग्य नव्हे. पाझरलेला, बुरशी आलेला अथवा तळाशी राहिलेला, खाण्यास निरुपयोगी गूळ यासाठी मागून घ्यावा.

(१) खताच्या खड्ड्यासाठी : हा सर्वांत उत्तम उपयोग होय. पालापाचोळ्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाल्याचा थर, असे थर रचावेत. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ विरघळवून ते पाणी थरांवर शिंपडावे. शेणातून नत्र व गुळातून कर्ब मिळत असल्याने कुजणे लवकर सुरू होते.

(२) जीवामृत : सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या या पद्धतीत एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ व मूठभर बांधावरची माती घेतात. परसबागेच्या दोन गुंठ्यांस याचा विसावा हिस्सा पुरे : १० लिटर पाणी, ५०० ग्रॅम शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम पीठ व चिमूटभर माती. हे मिश्रण सावलीत दोन दिवस ठेवून रोज ढवळावे व आठवड्याच्या आत वापरावे. गुळाच्या जोडीला शेण, गोमूत्र व पीठ असल्याने नत्राची उणीव पडत नाही, हे त्यातील मर्म आहे.

(३) वाफ्यासाठी : शेणखत घातलेल्या वाफ्यास १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम गूळ, दोन-तीन आठवड्यांतून एकदा, याहून अधिक देऊ नये.

पथ्ये

गुळाचे पाणी पानांवर न पडता मातीत मुरेल असे सायंकाळी घालावे व वर मातीचा पातळ थर पसरावा. अन्यथा मुंग्या जमतात. जमीन पाण्याने तुडुंब असताना ते घालू नये. वाढलेले सूक्ष्म जीव मातीतील प्राणवायू संपवितात व मुळे गुदमरतात. ओढ्यात मळी मिसळली असता मासे मरतात, त्यामागेही हेच कारण असते. शेण-गोमूत्राचे मिश्रण खाण्याच्या पालेभाजीवर शिंपडू नये. काम संपल्यावर मुलांना साबणाने हात धुण्यास लावावे.

वर्गातील दोन प्रयोग

पहिला प्रयोग श्वसनाचा. दोन सारख्या बरण्यांत सारखी ओलसर माती घ्यावी. एकीत साधे पाणी, दुसरीत तितकेच गुळाचे पाणी घालावे. प्रत्येकीत चुन्याच्या स्वच्छ निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुळाच्या बरणीतील निवळी अधिक दुधाळ दिसेल. मातीतील जीव कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकतात, त्याचा हा पुरावा. निवळी शिक्षकांनी स्वतः करावी. चुना डोळ्यांत जाणे घातक असते.

दुसरा प्रयोग मेथीचा. एकाच मापाचे चार वाफे करावेत : एक नुसत्या मातीचा, दुसरा शेणखताचा, तिसरा नुसत्या गुळाच्या पाण्याचा आणि चौथा शेणखत व गुळाचे पाणी या दोहोंचा. बी, पाणी व ऊन सर्वांना सारखे मिळावे. दर आठव्या दिवशी प्रत्येक वाफ्यातील दहा रोपांची उंची मोजून सरासरी काढावी, पानांचा रंग लिहावा व शेवटी भाजीचे वजन करावे.

निष्कर्ष आधी सांगून टाकू नये. कदाचित दुसऱ्या व चौथ्या वाफ्यांत फारसा फरक दिसणार नाही. तसे झाल्यास तेही फळ्यावर तसेच लिहावे. जे मोजले तेच लिहावयाचे, ही सवय मुलास लागली, तर पुढे खताच्या नावाखाली कोणी रंगीत पाण्याची बाटली विकावयास आला असता ते मूल प्रथम विचारील : याने वाढलेला वाफा कोणता, आणि न घातलेला कोणता ? शिक्षक बंधुभगिनींनी आपल्या नोंदी केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडाव्यात. काळी, मुरमाड व तांबडी अशा निरनिराळ्या जमिनींतील अनुभव एकत्र आल्यास त्यांचा लाभ सर्व शाळांना होईल.