प्रोग्रॅमांचें कोठार व त्यावरील शिक्कामोर्तब

गेल्या पौषांत आमच्या एका भाऊबंदांच्या मोबाईलवर एक फाईल आली. शेतकऱ्यांस सरकारांतून हप्ता मिळतो त्या योजनेचें नांव तिला दिलेलें होतें, आणि पाठविणारा गृहस्थ ओळखीचा होता. भाऊबंदांनीं ती उघडली, मोबाईलनें जें जें विचारलें त्यास होकार दिला, आणि तिसऱ्या दिवशीं कापसाचे आलेले ४८ हजार रुपये बँकेच्या खात्यांतून नाहींसे झाले. मागाहून कळलें कीं, ज्या गृहस्थाकडून फाईल आली त्यास तिची वार्ताहि नव्हती. त्याच्या मोबाईलांत ती आधीं शिरली होती व त्याच्या नांवानें पुढें चालली होती.

तेव्हांपासून आमच्या मनांत एक प्रश्न घोळत राहिला. बियाण्याच्या पिशवीला मोहोर असते, खताच्या गोणीवर कारखान्याचें नांव असतें. मग संगणकाचा किंवा मोबाईलचा प्रोग्रॅम खरा कोणता व खोटा कोणता, हें ओळखण्याची व्यवस्था कोणी केली आहे कीं नाहीं? आमचे चिरंजीव त्या धंद्यांत आहेत. दिवाळीच्या सुटींत त्यांच्याजवळ बसून आम्हीं जें समजून घेतलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. आमची उभी हयात तहशील कचेरीच्या दप्तरखान्यांत गेली असल्यामुळें दाखले त्याच खात्यांतले येतील, त्याची क्षमा असावी.

उदाहरणादाखल डेबियन नांवाची संगणक-प्रणाली घेऊं. इ. स. १९९३ च्या ऑगस्टांत इयन मर्डॉक या तरुणानें ती जाहीर केली. ती कोणा कंपनीच्या मालकीची नसून जगभरचे स्वयंसेवक ती चालवितात व ती फुकट मिळते. २०२५ सालीं निघालेल्या तिच्या आवृत्तींत ६९ हजारांहून अधिक पॅकेजें आहेत. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमाचें बांधलेलें गाठोडें. त्यांत एका बाजूस प्रत्यक्ष माल असतो व दुसऱ्या बाजूस एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर प्रोग्रॅमाचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, सांभाळ करणाराचें नांव, आणि हें पॅकेज चालण्यास दुसरीं कोणतीं पॅकेजें आधीं असलीं पाहिजेत त्यांची यादी असते. हा शेवटचा रकाना फार उपयोगाचा. विहिरीवर पंप बसवावयास निघालें म्हणजे स्टार्टर राहतो, केबल राहते, फूट-व्हॉल्व्ह राहतो, आणि तालुक्याच्या चार खेपा होतात. येथें ही यादी वाचून संगणक लागणारें सर्व सामान एकाच खेपेस घेऊन येतो.

गाठोडें बांधण्याचें कामहि जपून चालतें. सांभाळ करणारा स्वयंसेवक प्रोग्रॅमाचें मूळ लिखाण आपल्या सहीनिशीं पाठवितो, आणि बांधणी निराळ्या यंत्रांवर होते. एकाच शेताची मोजणी दोन मोजणीदारांनीं केली तर आकडा एकच यावयास पाहिजे. तसेंच एकाच मूळ लिखाणावरून दोन परक्या माणसांनीं दोन ठिकाणीं गाठोडें बांधलें तरी तें अक्षराअक्षरानें एकच निघावें, असा प्रयत्न तेथें पुष्कळ वर्षें चालू आहे. (मोजणीचा आकडा दोनदां एकच आल्याचें आम्हीं आमच्या नोकरींत फारसें पाहिलें नाहीं, ही गोष्ट निराळी.)

आतां कोठाराकडे वळूं. या कोठारास रिपॉझिटरी म्हणतात, आणि त्याचें सर्व मर्म त्याच्या नोंदवह्यांत आहे. प्रत्येक गाठोड्याचा एक ठसा काढतात. हा ठसा म्हणजे गणिताच्या ठराविक रीतीनें सबंध फाईलवरून काढलेली ६४ अक्षरांची एक ओळ. या रीतीस एस.एच.ए.-२५६ असें नांव आहे. फाईलींत एक स्वल्पविराम बदलला तरी सबंध ठसा पालटतो, आणि तोच ठसा उमटेल अशी दुसरी फाईल तयार करणें आज कोणास साध्य नाहीं. सर्व गाठोड्यांचे ठसे एका मोठ्या यादींत लिहितात. मग त्या यादीचाच ठसा काढून तो दुसऱ्या एका लहानशा कागदावर लिहितात. हा कागद रिलीझ फाईल या नांवानें ओळखला जातो. शिक्कामोर्तब होतें तें फक्त या एका कागदावर.

हें शिक्कामोर्तब दोन किल्ल्यांचें असतें. सही करण्याची गुप्त किल्ली कोठारवाल्यांजवळ राहते, व सही ताडून पाहण्याची जाहीर किल्ली प्रत्येक संगणकांत आधींच बसविलेली असते. संगणक प्रथम रिलीझचा कागद आणतो व सही ताडतो. सही जुळली तर यादी आणून तिचा ठसा कागदाशीं ताडतो, आणि यादी जुळली तर गाठोडें आणून त्याचा ठसा यादीशीं ताडतो. कोठें एका अक्षराचा फरक आढळला कीं काम थांबतें. २००७ सालच्या आवृत्तीपासून ही तपासणी डेबियनमध्यें आपोआप होऊं लागली.

यांतून मोठी सोय झाली. कोठाराच्या नकला देशोदेशींच्या विद्यापीठांनीं व संस्थांनीं आपापल्या सर्व्हरांवर ठेवल्या आहेत. नक्कल कोणाकडून घेतली, तो मनुष्य भला कीं लबाड, वाटेंत कोणाचा हात लागला काय, या चौकशा करीत बसण्याचें कारण उरत नाहीं; लबाडी केली तर ठसा जुळणार नाहीं. आमच्या वेळीं नकलेवर कारकुनाची सही व कचेरीचा शिक्का पाहून लोक विश्वास ठेवीत, आणि खोटा शिक्का दहा रुपयांत करून मिळे. महाराष्ट्रांत २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला, त्याचें मूळ याच विद्येंत आहे.

परंतु दप्तरखान्यांत बसलेल्या माणसास एक शंका लगेच सुचते. नक्कल अगदीं खरी, सही खरी, शिक्का खरा. पण नक्कल फेरफाराच्या पूर्वीची असली तर? अशा जुन्या खऱ्या उताऱ्यावर विकलेली जमीन पुन्हां विकल्याचीं प्रकरणें आमच्या हातांखालून गेलीं आहेत. कोठाराचेंहि तसेंच होऊं शकतें. एखाद्या प्रोग्रॅमांत चोरवाट सांपडली, ती बुजवून नवें गाठोडें निघालें, पण मधला लबाड मनुष्य आपणांस मागल्या महिन्याची खरी यादी दाखवीत राहिला, तर सही जुळूनहि चोरवाट उघडीच राहील. यावर उपाय म्हणून डेबियनच्या सुरक्षेच्या यादीवर मुदतीची तारीख असते; ती टळली कीं संगणक ती यादी घेत नाहीं. आमच्या सोसायटीच्या संगणकांत चिरंजीवांनीं डेबियन घालून दिलें आहे. दिवाळीनंतर तो उघडला तों यादी घेण्याचें नाकारूं लागला. संदेशाचा अर्थ असा कीं, ही नोंद अद्याप अंमलांतच आलेली नाहीं. यंत्रांतील घड्याळाची बॅटरी संपून घड्याळ कित्येक दिवस मागें पडलें होतें, त्यामुळें त्यास आजचा कागद उद्यांचा वाटत होता. बॅटरी बदलून तारीख लावली, काम सुरू झालें.

कोठार प्रसिद्ध करणारानेंहि क्रम पाळावा लागतो. आधीं गाठोडीं सर्व्हरवर चढवावयाचीं, मागाहून याद्या, आणि सहीचा कागद अगदीं शेवटीं. हा क्रम उलटा झाला तर यादींत नांव आहे पण माल नाहीं, अशा वेळीं आलेलें गिऱ्हाईक रिकामें परत जातें.

याच कोठाराचा दुसरा एक प्रकार म्हणजे ऑनलाईन इन्स्टॉलर. हा दिसण्यांत लहान असतो. माल त्याच्या पोटांत नसून कोठाराचा पत्ता मात्र असतो. फिनलंडमधील क्यूट कंपनीच्या साधनानें असे इन्स्टॉलर बनवितात. प्रोग्रॅमाचा प्रत्येक भाग निराळ्या फोल्डरांत, माहितीचा कागद व माल वेगळे करून मांडावयाचा. रेपोजेन नांवाच्या प्रोग्रॅमानें त्यांचें कोठार व यादी करून सर्व्हरवर ठेवावयाची. आणि बायनरीक्रिएटरनें इन्स्टॉलर तयार करावयाचा. गिऱ्हाइकानें तो चालविला कीं तो यादी आणून दाखवितो व निवडलेले भाग तेवढे उतरवितो. पुढें सुधारणा निघाली तर आवृत्तीचा क्रमांक ताडून तीहि आणतो. येथें प्रकाशकाची एक चूक नेहमींची आहे: माल सुधारला पण क्रमांक वाढविला नाहीं, तर जुन्या गिऱ्हाइकांस सुधारणेचा पत्ताच लागत नाहीं. फेरफार झाला पण नोंद ओढली नाहीं, असा हा प्रकार. कोठाराचा सर्व्हर बंद पडला तर असा इन्स्टॉलर रिकामी पेटी होऊन बसतो, म्हणून जेथें रेंज येतें-जातें अशा आमच्यासारख्या गांवीं सर्व माल पोटांत असलेला ऑफलाईन इन्स्टॉलर मागून घ्यावा, असें आमचें मत आहे.

शिक्कामोर्तबाची मर्यादा काय, हें २०२४ च्या मार्चांत दिसून आलें. फाईली दाबून लहान करण्याचा एक्सझेड नांवाचा प्रोग्रॅम असंख्य संगणकांत आहे. जिया तान या नांवानें वावरणाऱ्या इसमानें दोनएक वर्षें मन लावून काम करून त्याच्या चालकांचा विश्वास मिळविला, आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवला. सह्या खऱ्या होत्या, ठसे जुळत होते. खोट होती ती मूळ मालांतच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकावर लॉग-इन होण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें, आणि त्यानें तो धागा धरून चोरदरवाजा उघडकीस आणला. डेबियनमध्यें नवा माल आधीं चांचणीच्या शाखांत राहतो, जसें नवें वाण आधीं एका वाफ्यांत लावून पाहावें. तो चोरदरवाजा त्या शाखांपर्यंतच पोंचला होता. स्थिर आवृत्तींत गेला नव्हता.

आतां मोबाईलकडे. अँड्रॉईड मोबाईलवरील प्रत्येक अ‍ॅपवर त्याच्या कर्त्याची सही असतेच; सहीवांचून तें बसतच नाहीं. नवी आवृत्ती जुनीच्याच किल्लीची नसेल तर मोबाईल ती नाकारतो. म्हणून २०२१ च्या १५ ऑगस्टापासून महाराष्ट्रांत सुरू झालेलें ई-पीक पाहणीचें अ‍ॅप एकदां प्ले स्टोअरवरून घेतलें, कीं त्याच्यावर दुसऱ्या कोणाची बनावट आवृत्ती चढवितां येत नाहीं. परंतु पहिल्या वेळीं ही सही आपलें रक्षण करीत नाहीं, कारण स्वतःची किल्ली करून सही करणें कोणासहि शक्य आहे. भाऊबंदांकडे आलेल्या फाईलीवरहि सही होती. ती चोराची होती. ही सही कोणाची, हें पाहणारा त्या वेळीं कोणी मध्यें नसतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल कोणत्याच कोठारांतून आलेली नसते. मोबाईल एवढेंच करतो कीं, हा माल अज्ञात ठिकाणचा आहे अशी पाटी दाखवून आपणांस थांबवितो, आणि पुढें अ‍ॅपला संदेश वाचूं द्यावेत काय म्हणून निराळें विचारतो. बँकेचा ओ.टी.पी. त्या संदेशांतच येतो.

भाऊबंदांच्या मोबाईलनेंहि पाटी दाखविली होती. ती इंग्रजींत होती. मोबाईलची भाषा दुकानदारानें इंग्रजीच ठेवली होती, आणि ती मराठी करतां येते हें त्यांस ठाऊक नव्हतें. पोलिसांत तक्रार देऊन परत येतांना आम्हीं ती बसस्टँडावर बदलून दिली.