लग्नाची डीव्हीडी पाठवणीलाच का अडकते?

साधारण २००० ते २०१५ या काळात ज्यांच्या घरी लग्नं झाली, त्यांच्या कपाटात अल्बमच्या खोक्याबरोबर शूटिंगवाल्याने राइट करून दिलेल्या एक-दोन तबकड्या असतातच. आधी व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी. मुंज, बारसं, आजोबांची पंचाहत्तरी, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळं त्यांच्यावर आहे. या तबकड्या आता एकेक करून दगा देऊ लागल्या आहेत. कुठे प्लेअर 'नो डिस्क' दाखवतो, कुठे चित्राचे चौकोन होतात, कुठे मंगलाष्टका सुरळीत ऐकू येतात आणि पाठवणीला चित्र थिजतं. मग 'सीडी खराब झाली' म्हणून ती बाजूला पडते आणि पुढच्या साफसफाईत रद्दीबरोबर जाते. माझं कळकळीचं सांगणं आहे की ती टाकू नका. न चालणाऱ्या तबकड्यांपैकी पुष्कळशा मेलेल्या नसतात. बिघाड कधी प्लेअरमध्ये असतो, कधी ती ज्या रीतीने राइट केली त्या रीतीत असतो आणि खरोखरच तबकडीत असला तरी बहुतेक वेळा तिच्या एखाद्या पट्ट्यापुरताच असतो.

बऱ्याच जणांना एका गोष्टीचं कोडं पडतं. त्याच कपाटात दुकानातून आणलेली सिनेमाची डीव्हीडीही असते. २००७ मध्ये नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा घरोघरी अशा चित्रपटांचे ढीग झाले. ती स्वस्तातली डीव्हीडी आजही चालते आणि लग्नाची मात्र चालत नाही, असं का? कारण दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी घडण वेगळी. सिनेमाची तबकडी कारखान्यात साच्यातून निघते. तिच्यातले सूक्ष्म खड्डे प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या तबकडीत खड्डे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि रायटरचा लेसर तो थर जागोजागी तापवून त्यावर खुणा उमटवतो. ताम्रपटावर कोरलेलं अक्षर आणि हातावर रंगलेली मेंदी यांत जो फरक, तोच इथे आहे. ऊन, उष्णता आणि ओल यांनी हे रंगद्रव्य हळूहळू बदलतं, खुणा आणि कोरी जागा यांतला फरक पुसट होतो आणि प्लेअरला वाचणं अवघड जातं. रंगद्रव्याची जात आणि कारखान्याची काळजी यांवर बरंच अवलंबून असतं, म्हणून एकाच वर्षीच्या दोन तबकड्यांची गत वेगळी होते.

आता पाठवणीबद्दल. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. सीडी आणि डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट बाहेरच्या कडेला. लग्नाच्या डीव्हीडीत गणेशपूजन आत असतं, सप्तपदी मध्ये कुठेतरी आणि पाठवणी अगदी कडेला. बोटांचे ठसे उमटतात ते कडेलाच. तबकडी किंचित वाकली तर तो बाकही कडेला सर्वांत जास्त जाणवतो. शिवाय पुष्कळसे रायटर आत कमी वेगाने आणि बाहेर जाताना वाढत्या वेगाने लिहितात, त्यामुळे घाईने १६ एक्स वेगाने उतरवलेल्या तबकडीचा कमकुवत लिहिलेला भाग बहुधा शेवटचाच असतो. म्हणून तबकडी कुठे अडकते हे पाहणं हे निदानाचं पहिलं पाऊल. मुळीच सुरू होत नसेल तर आतला भाग, प्रकार किंवा प्लेअर यांचा संशय घ्या. शेवटी अडकत असेल तर कडा आणि राइट करण्याचा वेग. मध्येच एका जागी अडकून पुढे चालत असेल तर तिथे चरा किंवा डाग आहे, तो उजेडात धरून शोधता येतो.

प्लेअरची परीक्षा सोपी आहे. डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन लेसर असतात, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. त्यामुळे एखादा प्लेअर सगळ्या व्हीसीडी उत्तम चालवतो आणि एकही डीव्हीडी ओळखत नाही, किंवा याच्या उलट वागतो. यात तबकड्यांचा काही दोष नसतो, एक लेसर थकलेला असतो. कारखान्यात बनलेली एक डीव्हीडी आणि राइट केलेली एक डीव्हीडी पाठोपाठ लावून पाहा. पहिली चालली आणि दुसरी नाही, तरी लगेच दुसरीला दोष देऊ नका. राइट केलेली तबकडी मुळातच कमी प्रकाश परावर्तित करते आणि भिंगावर धूळ बसलेल्या प्लेअरला ती आधी जड जाते. पुन्हापुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकडीचं परावर्तन तर १८ ते ३० टक्के इतकंच असतं, साच्यातल्या एकपदरी डीव्हीडीचं किमान ४५ टक्के. जुने प्लेअर आरडब्ल्यूला दुपदरी तबकडी समजून गोंधळतात. ती न चालणं हा त्या प्लेअरचा स्वभाव आहे.

आणखी एक जुनं दुखणं म्हणजे अधिक-उणेचं. १९९७ मध्ये पायोनिअरने उणे चिन्हाची डीव्हीडी-आर आणली. २००२ मध्ये प्रतिस्पर्धी गटाने अधिक चिन्हाची डीव्हीडी+आर आणली. बाजारात दोन्ही एकाच किमतीला मिळत आणि घेणारा चिन्हाकडे पाहत नसे. पहिल्या पिढीतल्या प्लेअरना उणे जात सहसा मानवे, अधिक जात अनेकदा नाही. नंतरचे प्लेअर दोन्ही वाचतात, तेव्हा अशी तबकडी नव्या यंत्रात लावणं हाच उपाय.

चौकशीला येणाऱ्या प्रश्नांत सर्वांत मोठा वाटा मात्र वेगळ्याच गोष्टीचा असतो. 'कॉम्प्युटरवर चालते, टीव्हीच्या प्लेअरवर चालत नाही.' अशा वेळी तबकडी उघडून आत काय आहे ते पाहावं. खऱ्या व्हिडिओ डीव्हीडीत व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर असतं आणि त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा तीन प्रकारच्या फाइली. चित्र आणि आवाज व्हीओबीत, ती प्रत्येकी १ जीबीपेक्षा मोठी नसते. आयएफओ ही अनुक्रमणिका आणि बीयूपी ही तिचीच राखीव प्रत. शेजारी ऑडिओ-टीएस नावाचं रिकामं फोल्डर दिसलं तर घाबरू नका. आवाज नाहीसा झालेला नाही, ते रिकामंच असतं. याऐवजी तबकडीवर नुसती एमपी४ फाइल टाकलेली असेल, तर ती व्हिडिओ डीव्हीडी नव्हेच. साध्या प्लेअरला एमपीईजी-२ चित्र आणि डॉल्बी, पीसीएम किंवा एमपी२ आवाज लागतो. फाइल त्या साच्यात बसवून, म्हणजे ऑथरिंग करून, पुन्हा राइट करावी लागते. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही हे फोल्डर असतं आणि त्यात डॅट फाइल. चित्र ३५२ बाय २८८ इतकंच, म्हणून एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावे आणि लग्नाच्या दोन-तीन व्हीसीडी होत.

फायनलाइज न केलेली तबकडी हा प्रकार हँडीकॅमवाल्या घरांत हमखास सापडतो. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर थेट चित्रण करणारे कॅमेरे आठवत असतील. त्या तबकडीवर चित्रण झालं तरी शेवटची अनुक्रमणिका लिहिण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागे आणि ती द्यायची राहून जाई. मग कॅमेऱ्यात सगळं दिसे, बाहेर कुठेही नाही. कॉम्प्युटर तर तिला कोरी तबकडी म्हणून दाखवतो, आणि इथे धोका मोठा आहे. कोरी समजून तिच्यावर काही लिहू नका. कॅमेरा चालू असेल तर त्याच्या मेन्यूतून फायनलाइज करा. कॅमेरा गेला असेल तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर त्या तबकडीतून चित्रण काढू शकतं. छोटी तबकडी फटीतून आत घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये किंवा गाडीच्या स्टिरिओत घालू नये, ती आत अडकून बसते.

परदेशी नातेवाइकांनी फार हळहळ केलेला मुद्दा थोडक्यात. पुण्यात राइट केलेली डीव्हीडी पाल पद्धतीची असते, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतले बहुतेक घरगुती प्लेअर एनटीएससीच ओळखतात, म्हणून न्यू जर्सीतल्या आत्याकडे ती चालली नाही. रीजन कोडचा इथे संबंध नाही, घरी राइट केलेल्या तबकडीला तो नसतो. कॉम्प्युटरला दोन्ही पद्धती चालतात.

चौकोनांबद्दल बारकाईने पाहायला हवं, कारण ते दोन प्रकारचे असतात. तबकडी वाचता न आल्याने येणारे चौकोन अचानक येतात, आवाजही तुटतो आणि प्लेअर बदलला की त्यांची जागा थोडीफार बदलते. दुसरे चौकोन राइट करतानाच भाजले गेलेले असतात. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर सेकंदाला ५ मेगाबिट या हिशेबाने सुमारे दोन तास बसतात. तीन-साडेतीन तासांचं लग्न एकाच तबकडीवर कोंबलं की मेगाबिट कमी पडतात आणि वरातीत, नाचात, अक्षता उडताना चित्र फुटतं. हे प्रत्येक यंत्रावर त्याच जागी, आवाज न तुटता दिसतं. त्यावर तबकडी पुसण्याचा उपयोग नाही. स्टुडिओकडे मूळ मिनीडीव्ही कॅसेट शिल्लक आहे का, हे विचारावं. कॉम्प्युटरवर हलत्या माणसांच्या कडांना आडव्या दातेरी रेघा दिसतात, तो तर दोषच नाही. जुनं चित्रण एकाआड एक ओळींचं आहे आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की रेघा जातात.

आता साफसफाई. तबकडी कडेने आणि मधल्या भोकात बोट घालून धरावी. मऊ सुती कापड पाण्यात किंचित ओलं करून भोकापासून कडेकडे सरळ पुसावं, गोल फिरवून कधीच नाही. याचं कारण तबकडीच्या चूक-सुधारणेत आहे. मजकुरासोबत जादा आकडे लिहिलेले असतात, त्यांच्या आधारे प्लेअर हरवलेला तुकडा हिशेबाने भरून काढतो. सीडीवर सलग अडीच मिलिमीटरच्या आसपास, डीव्हीडीवर सहा मिलिमीटरच्या आसपास तुकडा गेला तरी निभावतं. आडवा चरा प्रत्येक फेरीतला कणभर भाग घेतो, तो भरून निघतो. मार्गाच्या दिशेने गेलेला गोल चरा लांबलचक सलग मजकूर घेतो, तो भरून निघत नाही. व्हीसीडीच्या चित्रभागात तर संगणकी सीडीला मिळणारं सुधारणेचं जादा कवच नसतंच, म्हणून त्या चऱ्यांना अधिक हळव्या.

सीडी आणि व्हीसीडीत मजकुराचा थर छापील बाजूच्या लाखेखाली लगेचच असतो. बॉलपेनने नाव लिहिलं किंवा चिकटवलेलं लेबल उपटलं की मजकूरच जातो. बल्बसमोर धरून टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा भाग गेला असं समजावं. डीव्हीडीत थर दोन ०.६ मिलिमीटर चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, पण नवरा-नवरीचा फोटो छापलेलं कागदी स्टिकर तिलाही बाधतं. कागद ओल धरतो, आक्रसतो, तबकडी वाकते आणि फिरताना थरथरते. तरीही ते स्टिकर आता काढायला जाऊ नका. कोकणात, गोव्यात पावसाळ्यानंतर पांढुरकी जाळी दिसली तर ती बहुधा वरवरची बुरशी असते, पुसून जाते. थर खाणारी बुरशीही आहे. बेलीझमधल्या एका सीडीत माद्रिदच्या संशोधकांना जिओट्रिकम ही बुरशी ॲल्युमिनियम पोखरताना सापडली, हे २००१ साली प्रसिद्ध झालं. टूथपेस्टने चरे घासण्याचा उपाय वाचायच्या बाजूच्या उथळ चऱ्यांवर कधी लागू पडतो, पण तो सर्वांत शेवटी, जेवढं वाचता येतं तेवढं उतरवून घेतल्यानंतरच.

कारण खरं काम उतरवून घेण्याचं आहे. प्लेअरला दर क्षणी पुढचं चित्र हवं असतं, कॉम्प्युटरला तशी घाई नसते, तो तीच जागा पुन्हापुन्हा वाचू शकतो. डीव्हीडीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन उत्तम. ते आधी सोपा भाग सरसकट उचलतं, मग अवघड जागांकडे वळतं, आणि कुठल्या जागा राहिल्या याची नोंद एका फाइलीत ठेवतं. व्हीसीडीसाठी आयसोबस्टर बरं, कारण नुसती डॅट फाइल ओढून कॉपी करायला गेलं की पहिल्या वाईट जागेवर विंडोज काम थांबवतं. डीव्हीडीच्या प्रतीतून मेकएमकेव्हीने चित्राचा दर्जा जराही न घटवता एक सलग फाइल बनते. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतोच, पण यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो, आणि नातलगांच्या जुन्या डेस्कटॉपमधला ड्राइव्हही आणून पाहावा. एका ड्राइव्हला जे मुळीच दिसत नाही ते दुसरा सहज वाचतो, हा अनुभव हे काम करणाऱ्या प्रत्येकाला येतो.

प्रत झाली की ती शेवटपर्यंत पाहा, विशेषतः शेवटची वीस मिनिटं. दोन वेगळ्या जागी ठेवा. मूळ तबकडी उभी, डबीत, उन्हापासून दूर असू द्या आणि डीडीरेस्क्यूची नोंद-फाइल प्रतीशेजारीच जपा. उद्या एखादा वेगळा ड्राइव्ह हाती आला, तर संपूर्ण तबकडी पुन्हा न वाचता राहिलेले तुकडे तेवढेच त्या प्रतीत भरता येतात.